मोरीआधी दाबलेला ब्रेक

दिगू, टँकरची काच मी फोडली. जॅकचा दांडा घेऊन गेलो आणि आधी समोरची काच, मग बाजूच्या दोन, मग दिवे, जे समोर आलं ते फोडत गेलो. ड्रायव्हर रस्त्यावर उकिडवा बसला होता, माझ्याच वयाचा, दोन्ही हातांनी डोकं धरून. त्याला कॉलर धरून उठवला आणि दोन ठेवून दिल्या. तो एकच म्हणत होता, "भैया, हॉर्न दिया था. तीन बार दिया. वो रुका ही नहीं." तिसरी द्यायला हात उचलला होता, तो वरच राहिला. माणूस खरं बोलत होता. टँकर तुझ्या डावीकडून आला आणि तुझा डावा कान गेलेला.

माझ्या हाताला अकरा टाके पडलेत. अक्षर वाकडं येतंय, तुला काय फरक पडतोय म्हणा.

तुझ्या कंपनीतल्या बाईंचा फोन आला होता. शनिवारी शोकसभा आहे, तुम्ही रोज त्याला आणायचात, चार ओळी लिहून द्या, आम्ही वाचून दाखवू. तिथं काय वाचतील ते मला माहीत आहे. किती जिद्दी, किती हसतमुख, अंधारातून प्रकाशाकडे. तू असतास तर एकेकाला काठीनं हाणलं असतंस. मी हो म्हणालो आणि लिहायला बसलो, पण मला जे सांगायचंय ते त्या बाईंनी वाचण्यासारखं नाही. तुझा कान माझ्यामुळं गेला. दीड वर्ष रोज सकाळ-संध्याकाळ तुझ्या शेजारी बसून गाडी चालवली आणि हे तुला सांगितलं नाही. म्हणून हे तुलाच लिहितोय.

तुझी माझी सुरुवातच भांडणानं झाली, आठवतं? दोन हजार सात साल. मी नेऱ्याचा, तू उदगीरहून येऊन मारुंजीत खोली घेतलेला. कंपनीनं माझी सुमो लावली होती. पहिल्या सकाळी तू पुढच्या सीटवर बसलास, काठी दुमडून पायात ठेवलीस, डॅशबोर्डवर काडेपेटीएवढा काळा डबा ठेवलास आणि फोन कानाला लावलास. फोनमधली बाई इंग्रजीत बडबडत होती. मला वाटलं, कुणाशी तरी बोलतोय. नाल्यापाशी आलो तर तू म्हणालास, "उजवीकडनं घ्या."

"साहेब, मी हितलाच हाय. डावीकडनं जवळ पडतं."

"डावीकडं खणलंय. काल संध्याकाळी मी चालत आलोय तिथून."

"मला डोळे हायेत, साहेब."

"मग वापरा की."

मी मुद्दाम डावीकडं घातली. पुढचं चाक चरात गेलं आणि गाडी तिरकी होऊन बसली. मागच्या सीटवरचे चार डोळस इंजिनिअर बूट चिखलात घालून ढकलत होते आणि तू आत बसून गालातल्या गालात हसत होतास. असा राग आला मला की तुला खाली ओढून एक द्यावी. मग मनात आलं, जाऊ दे, बिचाऱ्याला दिसत नाही. ते मनातच ठेवायचं तर मी तोंडानं बोललो. त्याबरोबर तुझी उलट्या हाताची चापट आली ती बरोबर माझ्या गालावर. जराही चुकली नाही.

"परत बिचारा म्हणालास तर दात पाडीन," म्हणालास. त्या दिवसापासून आपण अरे-तुरेवर आलो.

पुढं तू मला समजावून सांगितलंस. आपण कुठं आहोत ते डब्याला वरच्या उपग्रहांकडून कळतं, डबा फोनला सांगतो, फोन तुझ्या कानात बोलतो. पण फोनमधल्या नकाशात पुण्याचे मोठे रस्तेच होते, आमचा मुळशी तालुका त्या नकाशाला ठाऊकच नव्हता. मग तू स्वतःच खुणा करायला लागलास. जिथं काही असेल तिथं गाडी थांबवायची, बटणं दाबायची आणि नाव टाकायचं. परत त्या जागी आलं की बाई ते नाव वाचायची. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं तुझं मराठी ती तोंडात गरम बटाटा धरल्यासारखं वाचायची आणि मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसायचो. 'पिसाळलेलं कुत्रं.' 'वासाचा उकिरडा, काच वर.' 'बाळूची सासुरवाडी, थांबू नये.' बायकोनं एकदा ते ऐकलं आणि मला चार दिवस उपास घडला, ते सगळं तुझ्यामुळं.

मी रजेवर असलो की बदली ड्रायव्हर यायचे, कुणी बिहारचा, कुणी बीडचा. त्यांना ना नेरे माहीत ना हिंजवडी. मागचे सगळे झोपलेले असायचे आणि तू पुढं बसून त्यांना गल्लीन् गल्ली सांगायचास. एकानं मला विचारलं होतं, "वो सूरदास साब को सच में नहीं दिखता क्या?" त्याची मी गचांडी धरली होती. नाव आहे ना त्याला, म्हटलं, दिगंबर म्हणायचं.

आणि ताम्हिणीतलं ते धुकं. सकाळचे दहा वाजलेले आणि बॉनेट दिसत नव्हतं. तू म्हणालास, "ऐंशी मीटरवर डावं वळण. आता. पुरे. सरळ धर." आधीच्या फेरीत केलेल्या खुणा ऐकत वळणामागून वळण तू सांगत गेलास. खाली उतरलो तेव्हा माझा शर्ट घामानं भिजला होता आणि तुला चहा हवा होता. त्या दिवशी माझ्या दोन पोरींचा बाप वाचला. तेव्हा थँक्यू म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "फुकटचा भाव खाऊ नको, मला दिसत व्हतं."

आता ती गोष्ट.

आमच्याकडं तेव्हा जमिनीचा बाजार मांडला होता. पांढऱ्या गाड्यांतून माणसं यायची, डोंगर दाखवायची, टाऊनशिप म्हणायची. माझी स्वतःची जमीन आधीच गेलेली. त्या लोकांना वर न्यायला माझ्यासारख्या गावच्या ड्रायव्हरची गाडी लागायची. तुला हे कळलं आणि आपली मोठी जुंपली. गाडी रस्त्याच्या कडेला लावून आपण अर्धा तास एकमेकांवर ओरडत होतो.

"कामून नेतोस रे त्यांना?"

"मी नाय नेलं तर दुसरा नेईल. मी निस्ता डायव्हर हाय."

"निस्ता नाहीस. गावचं पोरगं स्टिअरिंगवर दिसलं की लोक दार उघडतात. आपला माणूस आलाय म्हणून."

"तुला काय करायचंय? तुझी जमीन हाय का हितं?"

"नाही. पण मला नेणारा माणूस कसा आहे ते मला बघावं लागतं. मी तुझ्या डोळ्यांवर चालतो, लेका."

तू 'बघावं लागतं' म्हणालास, ते मला बोचलं. मी पोरींची शपथ घेतली, परत त्या लोकांना नेणार नाही म्हणून.

शपथ तीन महिने टिकली. मग एका शनिवारी मोजणीवाले तिघे आले आणि मी त्यांना कोळवणच्या अंगाला डोंगरातल्या एका वस्तीवर नेलं. नाव लिहीत नाही, त्यांच्यामागं आणखी कटकट नको. दहा-बारा घरं, भाताची खाचरं, रानातलं हिरडा-करवंद गोळा करणारी माणसं. त्यांच्यातल्या एका म्हातारीनं मला पाणी दिलं, "नेऱ्याचा का तू? कुनाचा?" म्हणून विचारलं. मी बापाचं नाव सांगितलं. तिला ओळख पटली, तिनं त्या तिघांनाही ओट्यावर बसवलं. मग त्यांच्यातल्या एकानं पिशवीतून छोटा डबा काढला, तो हातात धरून खाचरांतून फिरला आणि तोंडानं आकडे सांगत गेला. दुसरा दगडांना चुना लावत होता. बायका विचारत होत्या, हे काय चाललंय. मी गाडीत बसून शेंगा खात होतो. आठ दिवसांनी तिथं जेसीबी चढला. म्हातारीचा गोठा त्यानं बांधासकट आडवा केला. ही बातमी मला चहाच्या टपरीवर कळली आणि मी चहा पिऊन उठलो.

त्यानंतर पंधरा दिवसांत तुझ्या ऑफिसातल्या एकाकडं दुपारचं जेवण होतं, डोंगरापलीकडच्या गावात. तुझी बाई म्हणत होती सरळ जा. मला जोर चढला होता. म्हटलं, तुझ्या डब्याला गप बसव, मी जवळचा रस्ता दाखवतो.

"हा फाटा माझ्याकडं नाही," तू म्हणालास. "तू आलायस का इथं कधी?"

"न्हाई. पयल्यांदाच. पण जातोय वर, मला दिसतंय की."

का खोटं बोललो? शपथ मोडली होती म्हणून. वाटलं, वस्तीच्या खालून निघून जाऊ, पंधरा दिवसांत कोण ओळखतंय गाडी. वळणाच्या पुढं ओढ्यावरची मोरी खचलेली होती, ती वळणाआधी दिसत नाही. मी वळणाआधीच गिअर टाकला आणि ब्रेक दाबला. गाडी खड्ड्यातून अलगद उतरून वर चढली. तू मान माझ्याकडं वळवलीस. मग तुझ्या फोनची बटणं बराच वेळ टिकटिकली. खूण करतोय, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

वस्तीच्या खाली बाभळीची फांदी आडवी टाकली होती. मी थांबलो. दोघं खाली आले, मग पाच, मग बाया, पोरं, सगळी वस्ती. गाडी ओळखली त्यांनी. डॅशबोर्डवर तुझा काळा डबा होता, त्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता, आणि नेमकी तेव्हाच ती बाई मोठ्यांदा आकडे बोलली. इतके मीटर, इतके मीटर.

"त्योच डबा! मोजायला आलंत परत!" एकजण ओरडला.

तुझ्या बाजूचं दार त्यांनी उघडलं. तू म्हणालास, "काय झालं? कोण आहे?" काळा चष्मा, इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. त्यांना तू साहेब वाटलास. ज्या हातांनी तू फोन छातीशी धरला होतास ते हात त्यांनी पिरगाळले. तुला खाली ओढलं. एकानं मला खिडकीतून विचारलं, कोयता काचेला टेकवून. मला तो चेहरा आठवत होता, म्हातारीचा मुलगा.

"ह्यो कोन? मोजणीवाला का?"

दिगू, एकच वाक्य बोलायचं होतं. आंधळा हाय तो, माझा दोस्त हाय, मोजणीवाल्यांना मी आणलं होतं. तीन वाक्यं झाली, पण पहिलं बोललो असतो तरी पुरलं असतं. मी काय बोललो? मी म्हणालो, "मला काय म्हाईत. भाडं हाय. मी निस्ता डायव्हर."

मग त्यांनी तुला मारलं. लाथांनी, काठ्यांनी, चुना लावलेल्या दगडांतला एक उचलून. तुला कळत नव्हतं पुढचा फटका कुठून येणार, तू हात चुकीच्या बाजूला धरत होतास. तोंडातून रक्त आलं तरी तू ओरडत होतास, "बाळू! बाळू कुठं आहे? बाळूला मारू नका!" मी काच वर करून आत होतो. शेवटचा दांडा डाव्या कानावर बसला. तुझा चष्मा पडला, कुणीतरी डोळे बघितले आणि ती म्हातारी किंचाळली, "आरं आंधळं हाय ते! थांबा, मुडद्यांनो!" ती तुझ्या अंगावर आडवी पडली. गोठा माझ्यामुळं गेला तिचा, आणि तुला वाचवलं तिनं. मी नाही.

दवाखान्यात मी तुझ्या उशाशी होतो. तू विचारलंस, "कोण होते रे? कामून मारलं?"

"दारुडे व्हते," मी सांगितलं. "मला पन लई मारलं."

तू हात पुढं केलास. माझ्या तोंडावरून, खांद्यांवरून, पाठीवरून सावकाश फिरवलास. कुठंही सूज नव्हती. तू हात काढून घेतलास आणि म्हणालास, "बरं."

पोलिसांत जायचं नाही म्हणालास. मी आतून सुटलो आणि वरून तुझ्यावर ओरडलो, भेकड म्हणालो. मी तुला भेकड म्हणालो, दिगू!

कान परत आला नाही. आंधळ्या माणसाचा एक कान जाणं म्हणजे काय, ते मी रोज बघत होतो. तुला हाक कुठून आली ते कळेना. रस्ता ओलांडताना पावलं अडायला लागली. फोन उजव्या कानाला लावला की बाहेरचं जग बंद. तरी तू रस्ता सांगायचं सोडलं नाहीस. आणि अधूनमधून, भलत्याच वेळी, सिग्नलला किंवा डिझेल भरताना, म्हणायचास, "बाळू, तुला काही सांगायचंय का?"

"काय सांगायचंय? गप बस की."

एकदा तर तू हट्टच धरलास, त्या फाट्यावर परत ने म्हणून. मी गाडीचं दार आपटून निघून गेलो. दोन दिवस आलो नाही. त्यावरून आपलं कधी मिटलं नाही, नुसतं विषय काढणं बंद झालं. नंतर मीच तुला रोज दारापर्यंत सोडायला लागलो, हात धरून. तुला ते आवडायचं नाही. परवा सकाळी गाडीचा टायर बसला म्हणून मला दहा मिनिटं उशीर झाला. तू थांबला नाहीस. रस्ता ओलांडून मी गाडी लावतो त्या बाजूला येत होतास. का नाही थांबलास, गाढवा? दहा मिनिटं. अख्खा जन्म घाई केलीस!

काल सुनंदाताई, तुझी थोरली बहीण, तुझी खोली आवरायला आल्या होत्या. उदगीरला परत जायच्या आधी त्यांनी तुझा फोन आणि तो डबा माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "तुमचंच नाव असायचं त्याच्या तोंडात. आम्हाला काय कळणार यातलं?" फोनच्या काचेला तडा आहे, वस्तीखालच्या त्या दुपारचा.

आज सकाळी डबा डॅशबोर्डवर ठेवला, फोन तुझ्या सीटवर ठेवला आणि निघालो. पिसाळलेलं कुत्रं गेलं. उकिरडा आला, मी काच वर केली. सासुरवाडीला थांबलो नाही. बाई सगळं वाचत होती आणि मी एकटा तिला हो हो म्हणत होतो. रडत होतो म्हण, तुला कळलंच असतं. फाट्याला वळलो. मनात पक्कं केलं होतं, वर जायचं, म्हातारीच्या पाया पडायचं, तिच्या मुलाला सांगायचं की त्या दिवशी चुकीच्या माणसाला मारलंत, मी इथं आहे. काय करायचं ते करा.

वळण आलं. पाय आपोआप ब्रेकवर गेला. आणि मोरीच्या अलीकडं ती बाई बोलली. मार बसायच्या आधी पाच मिनिटं, माझ्या शेजारी बसून टिकटिक करत तू लिहिलं होतंस ते. तिच्या त्या वेड्यावाकड्या मराठीत मला दोनदा ऐकावं लागलं. गाडी मागं घेतली आणि परत पुढं आणली, तिसऱ्यांदा ऐकायला.

'बाळू इथं आधी आला होता. स्वतःहून सांगेल.'

मी गाडी बंद केली, दिगू. तुझ्या रिकाम्या सीटकडं तोंड केलं, उजव्या कानाच्या बाजूला वाकलो आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. मग वर गेलो.